घोडबंदर रोडचं जड पाणी आणि आमचा सॉफ्टनर: दीड वर्षाचा अनुभव

आम्ही कासारवडवलीच्या पुढे राहतो, चौदा मजल्यांची बिल्डिंग, आमचा तेरावा. किचनला महापालिकेचं पाणी आणि बाथरूमला बोअर अधिक टँकर अशा दोन वेगळ्या लाइन आहेत, घोडबंदरला बऱ्याच सोसायट्यांत असंच असतं. बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस नाही, स्टीलच्या नळांवर पांढरे डाग, आणि सासूबाई म्हणायच्या तसं चुकून ते पाणी कुकरला लागलं तर तूरडाळ चार शिट्ट्या झाल्या तरी दाणे दाणेच. तीन वर्षांत दोन गिझर गेले. दुसऱ्या वेळी प्लंबरने कॉइल बाहेर काढून दाखवला, त्याच्यावर करंगळीएवढा जाड पांढरा थर, पान्याने ठोकला तर अंड्याच्या कवचासारखे तुकडे पडले बाथरूमभर. एक तुकडा मी लिंबाच्या रसात टाकला तर सोड्यासारखा फसफसला. तेव्हा ठरवलं की आता सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, घ्यायचाच.

घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त लोकांची फसगत होते. डीलर घरी येतो, खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर काढतो, पाण्यात बुडवतो, आकडा दाखवून घाबरवतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, त्यात मीठही आलं. जडपणा म्हणजे फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, तो या मीटरवर कळत नाही. आणि सॉफ्टनरमधून गेल्यावर टीडीएस कमी होतच नाही, कारण सॉफ्टनरच्या आतले रेझिनचे बारीक मणी कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याच्या जागी सोडियम सोडतात. म्हणजे टीडीएस मीटरने कोणी सॉफ्टनरचा डेमो देत असेल तर त्याला सरळ चहा पाजून परत पाठवा.

जडपणा मोजायला थेंबांचं किट मिळतं, चारपाचशे रुपयांत. छोट्या बाटलीत पाणी घ्यायचं, बफर घालायचं, चिमूटभर पावडर घातली की पाणी वाइनसारखं लालसर होतं, मग थेंब थेंब सोल्यूशन सोडत हलवत राहायचं, एका क्षणी लालसर रंग जांभळ्यावरून स्वच्छ निळा होतो, तो शेवटचा थेंब. आमच्या किटला एक थेंब म्हणजे २५ पीपीएम, म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम. पहिल्यांदा मोजलं तेव्हा मी दहा थेंबांवर थांबेल असं धरून बसले होते, तो १७ व्या थेंबाला निळा झाला. म्हणजे ४२५. भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, प्यायच्या पाण्याचा जडपणा २०० पर्यंत बरा मानलाय आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. त्यावरून अंदाज घ्या.

आता किती मोठा घ्यायचा. पहिल्या डीलरने सांगितलं २५ लिटर रेझिनचा घ्या, महिन्यातून एकदा मीठ घालून रिचार्ज करायचा (मिठाच्या पाण्याने रेझिनने धरलेला जडपणा सुटून निघतो आणि ते पुन्हा कामाला लागतं), बाकी बघायला नको. मी कागद पेन घेऊन बसले. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं, म्हणजे २५ लिटरला १२५० ग्रॅम. आमचं बाथरूम आणि वॉशिंग मशीन मिळून दिवसाला ३५० लिटर पाणी, प्रत्येक लिटरमध्ये ०.४२५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला जवळजवळ १४९ ग्रॅम. भाग दिला तर आठ दिवस! महिना नाही, आठवडा. पावसाळ्यात बाथरूमच्या टाकीतही पालिकेचं पाणी सोडतात आणि बोअरचं कमी येतं, तेव्हा आमच्याकडे पाच थेंब, म्हणजे १२५ निघालं, तेव्हा मात्र खरंच २८ दिवस जातात. म्हणजे महिन्याचं गणित त्याने कुठल्या पाण्यावर केलं होतं ते कळलं. आमच्या नाही.

दुसरी मोठी गोष्ट फ्लॅटमधलं प्लंबिंग. अख्ख्या घराला एकच सॉफ्टनर असं बंगल्यात सोपं पडतं, आपल्याकडे डक्टमधून प्रत्येक बाथरूमला वेगळी लाइन उतरते आणि किचनची वेगळी. सगळ्या एकत्र आणायच्या तर टाइल्स फोडा. म्हणून आम्ही कॉमन बाथरूमच्या लाइनवर एकच बसवला, त्याच लाइनवर ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन आहे. मास्टर बाथरूम अजून बोअरवरच आहे आणि फरक रोज डोळ्याला दिसतो.

आणि प्रेशर! इथे आम्हाला फटका बसला. टाकी गच्चीवर आणि आमच्यावर फक्त एक मजला, पाण्याचा दाब १० मीटर उंचीला साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला), आमच्याकडे तो अर्धा किलोसुद्धा नव्हता. फिल्टर आणि रेझिनमधून पाणी ढकलायला दाब लागतो, तो बसवायला आलेल्या माणसाने मोजलाच नाही, बसवून गेला, संध्याकाळी शॉवर उघडला तर करंगळीएवढी धार. फोन केला तर म्हणे शॉवर बदला. चार दिवस मुलांनी बादलीने आंघोळ केली. शेवटी सोसायटीची परवानगी काढून आमच्याच प्लंबरने लाइनवर छोटा प्रेशर पंप लावला, ८ हजार वेगळे गेले. त्यामुळे वरच्या दोनतीन मजल्यांवर राहत असाल तर आधी प्रेशर गेज लावून बघायला सांगा, मगच पैसे द्या. सॉफ्टनर २१ हजारांना पडला होता, हाताने चालवायच्या व्हॉल्व्हचा. ऑटोमॅटिकही होता पण जवळपास दुप्पट किमतीचा आणि त्याला लाइट लागते, मला हाताने केलेलं आवडतं.

मेंटेनन्स खरं म्हणजे अवघड नाहीये, फक्त चुकवायचा नाही. सॉफ्टनरच्या आधी एक ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर आहे, पांढराशुभ्र घातलेला कँडल टँकरच्या मातीने पाच आठवड्यांत विटेच्या रंगाचा होतो. तो बदलला नाही तर गाळ रेझिनमध्ये जातो. रिचार्जच्या दिवशी आदल्या रात्री बादलीत साडेतीन किलो मीठ भिजवायचं. सकाळी व्हॉल्व्ह आधी बॅकवॉशवर, म्हणजे पाणी उलटं खालून वर जाऊन रेझिन सैल होतं आणि अडकलेला गाळ ड्रेनला निघतो, पहिली दोन मिनिटं पाणी गढूळ येतं ते बघत बसायला लागतं. मग ब्राइनवर, पाइप बादलीत सोडला की मिठाचं पाणी हळूहळू खेचलं जातं, अर्धा पाऊण तास. मग रिन्स, म्हणजे साध्या पाण्याने धुणं, ड्रेनचं पाणी जिभेला खारट लागायचं बंद होईपर्यंत. ते झालं की सर्व्हिसवर, म्हणजे रोजच्या वापरावर. रिन्स अर्धवट सोडली तर पहिली आंघोळ समुद्राची होते.

मीठ कुठलंही घालू नका. मिठागरांचं जाडं मीठ स्वस्त पडतं म्हणून मी एकदा आणलं, विरघळल्यावर बादलीच्या तळाला चिखलासारखा काळपट साका राहिला, तो रेझिनमध्ये जातो. आता सॉफ्टनरच्या टॅब्लेट्सच आणते, २५ किलोच्या गोणीत सात वेळा होतं.

डीलरने वर्षाला साडेचार हजारांचं एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, सांगितलं होतं, त्यात काय तर दोन कँडल बदलणं आणि 'चेकिंग'. नाही घेतलं.

फायदा काय झाला तर गिझर दीड वर्ष आवाज न करता चाललाय, साबण निम्मा लागतो, टॉवेल कडक होत नाहीत. सुरुवातीला अंग बुळबुळीत लागतं, साबण निघालाच नाही असं वाटतं, सवय होते. पण मुलीच्या एक्झिमासाठी मी खूप आशा लावून बसले होते, तिथे मात्र काही फरक पडला नाही आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण विकणारे हमखास त्वचेचं नाव घेतात. ब्रिटनमध्ये यावर ३३६ मुलांची चाचणी झाली, २०११ ला निकाल आला, सॉफ्टनर लावलेल्या मुलांचा एक्झिमा बाकीच्यांपेक्षा जास्त सुधारला नव्हता. तिच्या डॉक्टरांचं मॉइश्चरायझरच चालू आहे.

सॉफ्टनरचं पाणी पिऊ नका, विशेषतः घरात बीपीचं माणूस असेल तर. आमच्या ४२५ च्या पाण्यात त्यामुळे लिटरला जवळजवळ २०० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. तुळशीलाही ते घालत नाही, तिच्यासाठी किचनच्या नळाचं. प्यायला किचनच्या लाइनवर आरओ होता तो आम्ही काढला. पालिकेच्या पाण्याचा टीडीएस आमच्याकडे ८० च्या आसपास येतो, त्याला आरओ लावून निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडायचं काय कारण. ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला असं हरित लवादानेही २०१९ मध्ये केंद्राला सांगितलं होतं. आता यूव्ही (जंतू मारणारा दिवा) अधिक यूएफ (बारीक गाळणी) आहे, दिवा वर्षाला बदलायचा. फक्त मे महिन्यात किचनच्या टाकीतही टँकर ओततात तेव्हा मी टीडीएस रोज बघते, आणि पाणी गढूळ असेल तर उकळून घेते, गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश नीट पोचत नाही.

पाइपला बाहेरून चिकटवायचं मॅग्नेटवालं यंत्रही शेजाऱ्यांनी घेतलंय. त्यांच्याकडे किट घेऊन गेले, यंत्राच्या आधी १६ थेंब, नंतर १६ थेंब.

आमच्याकडे काल मोजलं, सॉफ्टनरच्या आत जाणाऱ्या पाण्याला १५ थेंब आणि बाहेर येणाऱ्याला ३. बाहेर दोनच्या वर गेलं की रिचार्ज करायचा असा माझा नियम आहे, त्यामुळे आज रात्री मीठ भिजत घालायचंय.