ग्रीन बिल्डिंगच्या नावाखाली आमचे २,९७,३६० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

हे लिहायला लाज वाटतेय. मी स्वतः बँकेत लोन डिपार्टमेंटला आहे, त्यामुळे जास्तच वाटतेय. पण परवा आमच्याच बिल्डिंगमध्ये रिसेलचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं होतं आणि एजंट त्यांना लिफ्टमध्ये बिनधास्त सांगत होता, ग्रीन बिल्डिंगचं गोल्ड रेटिंग आहे, कॉमन लाइटबिल झिरो येतं. म्हटलं आता बास, लिहायचंच.

आधी आकडे. २ बीएचके, कार्पेट ७४२ स्क्वेअर फूट, ॲग्रीमेंट व्हॅल्यू ७८,४०,०००. त्याच्यावर वेगळे "ग्रीन डेव्हलपमेंट चार्जेस" २२५ रुपये फुटाने, आणि तेही कार्पेटवर नाही, सेलेबल (जिना, लॉबी वगैरे धरून) ११२० वर. झाले २,५२,०००. वर १८ टक्के जीएसटी म्हणून ४५,३६०. एकूण २,९७,३६०. खाली दुकानं, मधे ऑफिसं आणि वर आम्ही राहणारे अशी मिक्स बिल्डिंग आहे, दुकानवाल्यांकडून तर फुटाला ३५० घेतलेत.

आता कोणी म्हणेल एवढे पैसे दिलेच कशाला. अहो, सेल्स ऑफिसमध्ये कसं दाखवतात ते बघा तरी. मोठ्या स्क्रीनवर आधी हैदराबादचं सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर, २००३ साली अमेरिकेबाहेर पहिलं लीड प्लॅटिनम (लीड म्हणजे अमेरिकेचं ग्रीन रेटिंग, प्लॅटिनम त्यातलं सगळ्यात वरचं) मिळालेली इमारत. मग हडपसरचं सुझलॉनचं वन अर्थ, क्रिस्टोफर बेनिंजर यांनी केलेलं. आणि त्याच्या पुढच्याच स्लाइडवर आमचा प्रोजेक्ट! त्या दोन्ही इमारती खऱ्या आहेत, तिथे उजेड, वारा, पाणी सगळ्याचा विचार करून काम झालंय, आणि म्हणूनच संताप होतो, की चांगल्या कामाची पुण्याई दाखवून ह्यांनी आमच्या खिशात हात घातला. शिवाय प्रोजेक्ट बँक-अप्रूव्ह्ड होता, रेरा नंबर (सरकारी रिअल इस्टेट नियामकाकडची नोंदणी) होता, मिस्टरांच्या ऑफिसमधल्या सीनियरनी तिथेच बुक केलं होतं, पाडव्याच्या ऑफरची मुदत संपत आली होती. माझ्या जागी कोणीही असतं तरी सही केलीच असती.

पण एक क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. ग्रीन चार्जेसचा चेक लिहायला घेतला तेव्हा मॅनेजर म्हणाला मॅडम हा चेक ह्या नावाने द्या, आणि नाव बिल्डरच्या कंपनीचं नव्हतं, भलत्याच कुठल्यातरी फॅसिलिटी फर्मचं होतं. मी विचारलं, वेगळं अकाउंट कशाला? तर म्हणे सर्टिफिकेशनवाल्यांचा नियम आहे, कन्सल्टंटचे पैसे वेगळेच ठेवावे लागतात. आणि ॲग्रीमेंटमध्ये ही रक्कम का नाही, तर म्हणे तुमचीच स्टॅम्प ड्युटी वाचते. रोज लोकांच्या फायली तपासणारी मी, कस्टमरच्या फाइलमध्ये हे दिसलं असतं तर तिथल्या तिथे फाइल परत केली असती. पेन हातात होतं. सासूबाई बाजूला बसल्या होत्या, त्या म्हणाल्याही, "अगं, पावतीवर जीएसटी नंबर कुठाय?" मॅनेजर हसून म्हणाला आजी, सिस्टिममधून येतो नंतर. तो नंबर आजपर्यंत आलेला नाही. चार्जेस ॲग्रीमेंटमध्ये नसतील आणि दुसऱ्याच नावाने मागत असतील तर तिथूनच उठून या, पुढचं काही ऐकू नका.

भिंतीवर फ्रेम केलेलं सोनेरी सर्टिफिकेट होतं ते प्री-सर्टिफिकेशनचं. ते नुसत्या ड्रॉइंगवर मिळतं, जाहिरात करता यावी म्हणून. खरं रेटिंग बिल्डिंग पूर्ण झाल्यावर कागदपत्रं, बिलं, फोटो सगळं सादर केल्यावर मिळतं. रेटिंग देणारी आयजीबीसी असो की 'गृह', दोन्हीकडे असंच. फायनलचा कागद दाखवत नाहीत तोवर एक रुपया देऊ नका.

फसलोय हे कळलं ते प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरून. सोलर, पावसाचं पाणी मुरवायची सोय वगैरे असेल तर बऱ्याच महापालिका करात सूट देतात, म्हणून अर्ज करायला गेले तर क्लार्कने फायनल सर्टिफिकेट मागितलं. बिल्डरचं ऑफिस आज देतो उद्या देतो. शेवटी मी रेटिंग देणाऱ्या संस्थेलाच मेल केला. उत्तर आलं की प्रोजेक्ट नुसता रजिस्टर आहे, फायनलसाठी काहीही सादर झालेलं नाही. हा मेल मी बुकिंगच्या आधीही करू शकले असते, फुकट असतो. तुम्ही करा.

मग प्लंबरला घेऊन टेरेसवर गेले. ब्रोशरमध्ये लिहिलंय की फ्लशला एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं) शुद्ध केलेलं पाणी, त्यासाठी वेगळी टाकी, वेगळी लाइन. टाक्या दोन आहेत, रंगही वेगळे दिलेत. प्लंबरने हात लावून दाखवलं, "ताई हे बघा, इथे टी मारलाय, दोन्ही टाक्यांना एकच पाइप." म्हणजे आम्ही विकत घेतलेलं टँकरचं पाणी फ्लशमध्ये घालवतोय. खाली एसटीपीच्या खोलीत ब्लोअर आहे, पॅनल आहे, पॅनलला केबलच नाही. सोलर १० किलोवॅट लिहिलंय, ३३० वॅटची पॅनल धरली तरी तीसेक लागतील, आहेत ६, आणि त्यांच्या वायरी गुंडाळून काळी टेप मारून ठेवल्यात. सोलरची वीज बिलातून वजा करणारा नेट मीटर नाहीच. कॉमन लाइटबिल मागच्या महिन्याचं ४६,८७०.

पाऊसपाण्याचा खड्डा वॉचमनकडून उघडून घेतला. आत बोअर नाही, फिल्टरची वाळू नाही, फरशीचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, आणि बाजूने एक पाइप सरळ रस्त्याच्या गटारात. झाकण मात्र छान, त्यावर हिरवं पान रंगवलंय.

खिडक्यांचं पण ऐका. सँपल फ्लॅटमध्ये डबल काच होती, आमच्या पश्चिमेच्या बेडरूमला सिंगल काच आणि वर फिल्म, दुपारी आत बसवत नाही. काचवाल्याने एक साधी गोष्ट शिकवली, काचेजवळ काडी पेटवून धरा आणि आत प्रतिबिंबं मोजा, सिंगलला दोन दिसतात, डबलला चार. पझेशनच्या दिवशी प्रत्येक खिडकीला करून बघा, बिल्डरचा माणूस काही का म्हणेना.

आता सरकारी ऑफिसांचं. पोलिसांनी अर्धं ऐकलं आणि म्हणाले सिव्हिल मॅटर आहे. पैसे भलत्याच फर्मच्या नावाने घेतले, जीएसटी घेतला आणि नंबर दिला नाही, हे सिव्हिल कसं हो? लेखी द्या म्हटलं तर साहेब राउंडला गेलेत. पालिकेत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, एक म्हणतो आर्किटेक्टने दाखला दिला म्हणून आम्ही ऑक्युपन्सी (भोगवटा प्रमाणपत्र) दिली, दुसरा म्हणतो पाणी आमच्याकडे नाही ड्रेनेजकडे जा, ड्रेनेजवाला म्हणतो एसटीपी बसवलाय ना, चालवायचा तुम्ही. आणि सगळ्यात संतापजनक पुढेच आहे. १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तेव्हा कळलं की बिल्डरने ग्रीनच्या नावावर जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, घेतलाय. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत रेटिंगप्रमाणे ३, ५, ७ टक्के प्रोत्साहन एफएसआय आहे, ह्याने ५ टक्के घेतला, तेवढे फ्लॅट जास्त बांधून विकले, वर आमच्याकडून चार्जेस घेतले. मी त्या साहेबांना विचारलं, फायनल सर्टिफिकेट आणलं नाही तर तुम्ही वसुली का करत नाही? ते म्हणाले तशी तक्रार आलेली नाही. मी तक्रार हातात घेऊन समोर उभी होते! म्हणाले ही फॉर्मॅटमध्ये नाही. फॉर्मॅट द्या म्हटलं तर फॉर्मॅट नसतो. आमच्या करातून ह्यांचे पगार होतात आणि खड्ड्यात डोकावायला एक माणूस खाली येत नाही.

रेराची तक्रार ५००० रुपये फी भरून टाकली आहे. रेरा कायद्याचं कलम १२ वाचा सगळ्यांनी, जाहिरात, ब्रोशर किंवा सँपल फ्लॅट बघून पैसे दिले आणि ते खोटं निघालं तर भरपाई मागता येते. म्हणून ब्रोशर फेकू नका, सेल्सवाल्याचे व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका, सँपल फ्लॅटचा व्हिडिओ काढून ठेवा. कलम १४ खाली पझेशनपासून ५ वर्षांत सेवा-सुविधांमधला दोष लेखी कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो, तोंडी सांगत बसू नका. आणि ॲग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांच्या वर मागत असतील तर तेही बेकायदा आहे.

पझेशन लेटर नीट वाचा. आमच्या लेटरमध्ये तिसऱ्या पानावर "सर्व ग्रीन सुविधा चालू स्थितीत मिळाल्या, तक्रार नाही" अशी ओळ होती. मी ती खोडून सही केली, त्यावरून चावी द्यायला तासभर अडवलं होतं. आमच्या विंगमधल्या ११ जणांनी न वाचता सही केली, आणि बिल्डरचा वकील आता तेच ११ कागद पुढे करतोय.