परीक्षण वाचून जावं की स्वतःच्या मनाने?

चित्रपटाचं तिकीट काढण्याआधी परीक्षणं चाळावीत की ट्रेलर पाहून आपणच ठरवावं, असं एका मैत्रिणीने विचारलं.

कष्ट: परीक्षण पाच मिनिटांत वाचून होतं. स्वतःची पारख मात्र भरपूर चित्रपट, त्यातले काही फसलेलेही, पाहूनच तयार होते.

भरवसा: इथे जरा थांबायला हवं. समीक्षकांची मतं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे ९० टक्के म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण नव्हेत. दहातल्या नऊ समीक्षकांचं मत अनुकूल, एवढंच. सगळ्यांना नुसता 'बरा' वाटलेला चित्रपटही तिथे १०० टक्के मिळवतो. १९८२ साली 'द थिंग'ला बहुतेक समीक्षकांनी झोडपलं. आज त्याची गणना उत्तम भयपटांत होते. तरीही पटकथा नेमकी कुठे घसरली, हे चांगला समीक्षक जसं दाखवतो तसं आपल्याला सहसा सांगता येत नाही.

मजा: रहस्यपटाचं परीक्षण नंतरच वाचावं, यावर मी ठाम आहे.

क्वचितच चित्रपट पाहणाऱ्याने टक्केवारीपेक्षा आपल्या आवडीशी जुळणारा एखादा समीक्षक धरावा. ज्याचे दिग्दर्शक आणि आवडते प्रकार ठरलेले आहेत, त्याने खुशाल स्वतःवर विसंबावं.