अडीच किलोचा ट्रायपॉड, चार हिवाळ्यांनंतर

इंदूरच्या जेल रोडच्या एका दुकानातून हा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा तिपायी स्टँड, मी जुनाच घेतला, ४,५०० रुपयांना. नुसत्या पायांचं वजन अडीच किलो, कॅमेरा बसवायचं बॉलहेड वेगळं. दुकानदार म्हणाला, "काकू, जड पडेल तुम्हाला, कार्बन फायबरचा बघा." पण यशवंतसागर तलावाच्या काठावर माझा आधीचा हलका ट्रायपॉड वाऱ्यात थरथरायचा आणि आठ सेकंद शटर उघडं ठेवून घेतलेलं एक्स्पोजर हमखास हललेलं निघायचं. म्हणून हाच घेतला.

तिथे पाण्यात एक वठलेली बाभूळ उभी आहे. मला ती धुक्यात हवी होती. धुकं धरायला रात्र निरभ्र हवी, वारा पडलेला हवा आणि हवा पाण्याहून पुष्कळ गार हवी. पहिल्या हिवाळ्यात मी १४ पहाटा गेले, धुकं मिळालं दोनदा.

सूर्योदय सातनंतर, पण मी सहालाच ट्रायपॉड लावते. अंधारात सारसांची जोडी ओरडते, तेवढ्यावरून पाणी कुठे आहे ते कळतं. पायांवर मी नेलपॉलिशच्या खुणा केल्या आहेत, त्यामुळे उंची दरवेळी तीच येते. एरवी पायांच्या वरच्या जाड नळ्या आधी उघडाव्यात, चिखलात मात्र मी सगळ्यात खालच्या आधी उघडते, म्हणजे नळ्या आवळणाऱ्या क्लिपा चिखलाच्या वर राहतात. पायांखालचं रबर फिरवून आतली अणकुचीदार टोकं बाहेर काढायची आणि पाय दाबून रोवायचे, नाहीतर शटर उघडं असतानाच ते खचतात. मधला दांडा मी कधीच वर करत नाही.

पावणेसातला सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ १००, लेन्सचं छिद्र एफ ११, शटर आठ सेकंद. कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची केबल रिलीज लावलेली, लेन्सचं थरथर रोखणारं स्टॅबिलायझेशन बंद. मग हात खिशात घालून उभं राहायचं. चौकट हलत नाही, म्हणून नजर मोकळी राहते. धुकं बाभळीच्या बुंध्यापाशी कधी विरळ होतं, ते मला या ट्रायपॉडमुळेच पाहता आलं. वजनाचे पैसे तिथे वसूल झाले.

उणीव एकच, पण त्रासदायक. वर्षभरात क्लिपा सैल पडतात आणि एक पाय हळूहळू खाली सरकतो. अ‍ॅलन कीने अर्धा आटा आवळला की भागतं. थंडीत धातू हाताला चावतो, त्यासाठी वरच्या नळ्यांना सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळली आहे.

काल सगळ्या क्लिपा आवळल्या. रात्र निरभ्र दिसते आहे, राजेंद्रनगरहून पाचला निघेन.