रोजच्या हिवाळी चित्रासाठी आर्शचा ब्लॉक

दिवाळी सरली की रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवरचे (कातळी पठारांवरचे) गवत पिवळे पडू लागते आणि पहाटे खाड्यांवर धुके उतरते. या दिवसांत रोज एक निसर्गचित्र जलरंगात करण्याचा नेम ज्यांना धरायचा आहे, त्यांच्यासाठी आर्श या फ्रेंच कागदाच्या ब्लॉकविषयी, म्हणजे कडांना चिकटवलेल्या पानांच्या गठ्ठ्याविषयी, लिहीत आहे. 300 जीएसएम (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड कागद), कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत पोताचा), 18 × 26 सेंटीमीटर आकाराची 20 पाने असे त्याचे स्वरूप आहे. सरावाला स्वस्त कागद आणि 'खऱ्या' चित्राला चांगला कागद ही आपल्याकडची रूढ विभागणी रोजच्या नेमाला मारक आहे, असे माझे मत तो वापरल्यावर पक्के झाले.

आपल्यापैकी बहुतेकजण जलरंग शिकले ते एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी, साध्या ड्रॉइंग कागदावर. त्या कागदाला पाणी थोडे जास्त झाले की तो फुगतो आणि रंग त्याच्या खळग्यांत साचतो, म्हणून हात नकळत कोरडा काम करू लागतो. कोकणातला हिवाळा मात्र भरपूर पाण्याशिवाय कागदावर येत नाही. सकाळी धुक्यात कांदळवनाची फक्त वरची कड दिसते आणि तिच्या बुडाशी पाणी कुठे सुरू होते ते कळत नाही. ही संदिग्धता ओल्या कागदावर ओला रंग सोडूनच साधते आणि त्यासाठी कागद पुरेसा वेळ सारखा ओला राहावा लागतो. आर्शचा कागद शंभर टक्के कापसाचा असून त्याला जिलेटिनचे सायझिंग (पाणी शोषणे आटोक्यात ठेवणारी खळ) आतपर्यंत दिलेले असते. त्यामुळे तो पाणी एकदम शोषून घेत नाही आणि पृष्ठभागावर सोडूनही देत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी यांच्या मिश्रणाचा करडा रंग त्यावर सोडला की तो पसरत जाऊन विरतो, त्याला कडक कड येत नाही.

आपल्या किनाऱ्यावर हे गुण अधिकच मोलाचे ठरतात, कारण एकाच बैठकीत हवा दोनदा बदलते. दव असेपर्यंत वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) वाळता वाळत नाही आणि ऊन वर आले की तोच वॉश झरझर वाळू लागतो. पुढे मतलई वारे थांबून खारे वारे सुरू होईपर्यंत चित्र बहुधा आटोपलेले असते. लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला एक स्वस्त ब्लॉक, ज्याचे नाव येथे घेत नाही, मी याच वेळी वापरून पाहिला. दवात त्यावरचा रंग नको तिथे ओघळला आणि उन्हात दुसरा हात फिरवताच खालचा थर उचलला गेला. आर्शवर पहिला थर वाळल्यानंतर दुसरा आणि तिसरा वॉश निर्धास्तपणे देता येतो. उजेडासाठी जागा मोकळी करायची असेल तर ओल्या ब्रशने रंग हळूच उचलताही येतो आणि कागदाचे तंतू सुटत नाहीत.

सड्याचे कातळ रंगवताना कोल्ड प्रेस्ड पोताचा फायदा विशेष जाणवतो. हा कागद सिलिंडर मोल्डवर (फिरत्या जाळीदार नळकांड्यावर) तयार होतो, त्यामुळे त्याचा खरखरीतपणा छापील नक्षीसारखा एकसुरी नसतो. जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून यलो ऑकर हा मातकट पिवळा रंग ओढला की वाळलेले गवत आणि त्यातून डोकावणारा जांभा दोन्ही एका फटक्यात उतरतात. आंब्याची कोवळी तांबूस पालवी आणि मोहोराचे बारीक तुरे यांसाठी मात्र हा पोत थोडा आडवा येतो. ज्यांना असे बारकावे आवडतात त्यांनी गुळगुळीत पोताचा हॉट प्रेस्ड कागद पाहावा.

नेम टिकवण्याच्या दृष्टीने ब्लॉकची रचनाच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाने कडांना चिकटवलेली असल्यामुळे बोर्ड, टेप, कागद ताणून बसवणे हा सगळा खटाटोप वाचतो. वरचे पान वाळल्यावर कडेच्या मोकळ्या जागेतून बोथट सुरी फिरवून ते सोडवल्याशिवाय पुढचे पान मिळत नाही. म्हणजे फसलेले चित्रही पुरते वाळेपर्यंत तसेच समोर राहते आणि पुढचे आपोआप दुसऱ्या दिवसावर जाते. घाईघाईने एकावर एक पाने खर्च करण्याच्या सवयीवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

जिलेटिन प्राणिजन्य असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी दुसऱ्या सायझिंगचा कापसाचा कागद शोधावा.

ब्लॉक महाग आहे. खर्च कमी करायचा असेल तर याच कागदाचा 56 × 76 सेंटीमीटरचा पूर्ण ताव घ्यावा. त्याचे 19 × 28 सेंटीमीटरचे 8 तुकडे होतात, पण मग टेप आणि बोर्ड यांची सोय आपली आपण करावी लागते. आपल्या तालुक्याच्या गावांतील दुकानांत सहसा शालेय कागदच मिळतो, तेव्हा मुंबई-पुण्याहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मागवणे उत्तम, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत. उरलेली पाने पावसाळ्यापूर्वी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवावीत. आमच्याकडच्या दमटपणात सायझिंग बिघडले, तर पुढच्या हिवाळ्यात वॉश देताना कागदावर गडद ठिपके उमटतात आणि ते कोणत्याही उपायाने जात नाहीत.