पोटभरीचं भाज्यांचं सूप: मटण घ्यायचं का चिकन, कुकर का पातेलं?

परवा ताईचा फोन, घरात दोन पोरं आणि सासरे, रात्री एकाच भांड्यात सगळ्यांचं जेवण उरकायचंय, भाज्या पण पोटात गेल्या पाहिजेत, तर सूपमध्ये मटण घालू का चिकन. मी म्हटलं दोन मिनिटांत सांगतो आणि अर्धा तास बोलत बसलो. पाऊस सुरू झाला की कोणी ना कोणी हे विचारतंच, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

सूप म्हणजे हॉटेलातलं नाही हं, कॉर्नफ्लॉवर घालून चिकट केलेलं आणि वर गाजराचे चार तुकडे तरंगतायत असलं. वाडगाभर घेतलं, सोबत भाकरी नाहीतर पाव, की जेवण झालं असलं सूप. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळचं म्हणजे अळणी. कोल्हापूर-सातारा साइडला मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण एवढ्यावरच शिजवतात, तिखट-मसाला नंतरची गोष्ट, आणि मधेच ते पिवळं पाणी वाटीत काढून पोरांच्या हातात देतात (नाव अळणी, पण मीठ असतं, हे मला लहानपणी कधी कळलंच नाही). त्याच पाण्यात भाज्या शिजवल्या की झालं आपलं सूप. म्हणजे अर्धी रेसिपी तुम्हाला येतेच.

आता मटण का चिकन. चवीला मटण पुढे, यात वादच नाही. नळी, मानेचे तुकडे, सीना (छातीचा भाग) असलं हाडाचं आणि चिवट मटण घेतलं की त्यातलं कोलॅजन, म्हणजे चिवट भागातलं एक प्रथिन, हळूहळू विरघळून पाण्यात उतरतं आणि त्या पाण्याला एक अंग येतं, ओठाला ओठ जरा चिकटतो असं. रात्री फ्रीजमध्ये ठेवून सकाळी बघा, जेलीसारखं थरथरतं. साध्या ब्रॉयलर चिकनचं पाणी त्यामानाने पातळच राहतं, चव असते पण भरीवपणा नसतो.

पण मटणाची एक गोची आहे जी कोणी सांगत नाही. बोकडाची चरबी लगेच गोठते. सूप कढत असताना स्वर्ग, आणि दहा मिनिटं फोनवर बोलून आलात की वर पांढरट थर, चमच्याला मेणासारखं लागलेलं, टाळूला चिकटतं ते वेगळंच. आमच्याकडे सगळे एका वेळी जेवायला बसतील तो सुदिन, कोणी आठला कोणी साडेनऊला, त्यामुळे मटणाचं सूप तीनदा गरम होतं आणि शेवटच्या माणसाला भाज्यांचा लगदा मिळतो. चिकनची चरबी मऊ असते, कोमट झालं तरी पिता येतं, डब्यात किंवा थर्मासमध्ये द्यायचं असेल तर सरळ चिकन, विचारच करू नका. परदेशात लॅम्ब मिळतं ते तर बोकडाहून जास्त चरबीचं असतं, वासही उग्र, तिथे आदल्या रात्री शिजवून सकाळी वरचा गोठलेला थर चमच्याने सरळ उचलून टाकायचा. इथेही मटणाला हेच करा, फार फरक पडतो.

पैशाचं बोलायचं तर मटण चिकनच्या तिप्पट, कधी तिपटीच्याही वर, ते सगळ्यांना माहितीये. फक्त सूपला अर्धा किलोत चार-पाच माणसं आरामात होतात कारण पोट भाज्यांनीच भरतं, रश्श्यासारखा किलो लागत नाही. आणि खाटकाला सूपसाठी पाहिजे म्हणून सांगा, तो बरोबर नळ्या आणि मानेचे तुकडे काढून देतो. रानाचं, म्हणजे मांडीचं, लुसलुशीत मटण सूपमध्ये घालणं म्हणजे पैशाचा चुराडा, ते सुक्याला ठेवा.

चिकन घेणार असाल तर हाडासकट घ्या. बोनलेस ब्रेस्ट घालून केलेलं सूप मी दोनदा केलं आणि दोनदा पस्तावलो, पाण्याला चव नाही आणि तुकडे दाताखाली दोरीसारखे. लेगपीस, पाठीचे तुकडे बेस्ट. आणि एक जुगाड सांगतो, चिकनवाल्याकडे पंजे मागा, चार-सहा, अगदी स्वस्तात देतो. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून वरची पिवळी साल ओढून काढायची, नखं छाटायची, आणि बाकीच्या चिकनच्या अर्धा-पाऊण तास आधीच उकळत ठेवायचे. त्यात कोलॅजन भरपूर, त्यामुळे चिकनच्या सूपला जवळजवळ मटणाएवढं अंग येतं. वाढताना मात्र काढून टाका, ताईच्या पोरांनी ताटात पंजा बघितला असता तर पुढचे सहा महिने सूपचं नाव काढलं नसतं. गावठी कोंबडी मिळाली तर दोन्हीचा सुवर्णमध्य, पण तिला वेळ मटणासारखाच द्यायचा, ब्रॉयलरसारखी पंचवीस मिनिटांत होईल ही आशा नको.

खिम्याचं पण विचारतात लोक. घाई असेल तर हरकत नाही, तुपावर कांदा-लसूण परतून खिमा टाकला, पाणी ओतलं, अर्ध्या तासात सूप तयार, दात नसलेल्या माणसाला तर वरदान, ताईच्या सासऱ्यांसाठी मी आधी हेच सुचवणार होतो. पण हाड नाही म्हटल्यावर खोली नाही.

कुकर का पातेलं हा खरं तर मटण-चिकनपेक्षा मोठा प्रश्न आहे असं माझं मत, कारण सूप बिघडतं ते इथेच. कुकरमध्ये प्रेशरखाली पाणी ११५-१२० अंशांपर्यंत जातं, म्हणून पातेल्यात दीड-दोन तास घेणारं मटण एका शिट्टीनंतर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत सुटतं. गॅस वाचतो, वेळ वाचतो. तर मटणाला कुकर, निःसंशय. पण शिट्टी उचलून भसकन वाफ काढू नका, आतलं पाणी एकदम खदखदतं, चरबी पाण्यात घुसळली जाते आणि सूप गढूळ होतं. आपोआप गार होऊ द्या. आणि झाकण लावायच्या आधी उघड्यावरच एक उकळी आणून वरचा करडा फेस पळीने काढून टाका, हे दोन मिनिटांचं काम लोक टाळतात आणि मग म्हणतात वास येतो. ब्रॉयलर चिकनला कुकर कशाला? पातेलंच. कुकरात त्याचा चोथा होतो, हाडं निघून येतात आणि पोरांच्या वाटीत बारीक हाडं सापडत बसतात.

माझी पहिली फजिती सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. हॉस्टेल सोडून नवीन नवीन फ्लॅट घेतला होता, मित्र येणार, मी मटण, बटाटा, गाजर, फ्लॉवर, मटार, टोमॅटो, एक बीट पण, सगळं एकदम कुकरमध्ये आणि आठ शिट्ट्या. उघडलं तर गुलाबी पेज. फ्लॉवर कुठे गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही, फक्त वास होता त्याचा. मित्रांनी ब्रेड बुडवून खाल्लं, एकाने विचारलं बाळाचं आहे का.

तर भाज्या मांस शिजल्यावर, उघड्यावर, आणि टप्प्याटप्प्याने. आधी बटाटा, गाजर, नवलकोल, दहा-बारा मिनिटं. मग फरसबी. मग फ्लॉवर किंवा कोबी, पाचच मिनिटं, जास्त उकळला की कोबीचा तो लग्नाच्या हॉलच्या मागच्या बाजूसारखा वास सुटतो. मटार, पालक, पातीचा कांदा अगदी शेवटी. टोमॅटो बटाटा मऊ झाल्यावरच, कारण आंबटात बटाटा-गाजर लवकर शिजत नाही, कडकच राहतात, आणि आपण उगाच बटाट्याच्या जातीला शिव्या घालतो. बीट नको, वांगं नको.

इथेही मांसाप्रमाणे भाज्या बदलतात. मटणाच्या दाट पाण्यात दुधी, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा मस्त लागतात, शेवग्याची शेंग नळीच्या शेजारी चोखायला मिळणं यासारखं सुख नाही. चिकनच्या हलक्या पाण्यात फरसबी, गाजर, कोबी, मक्याचे दाणे, आणि वरून मिरपूड, लिंबू. चिकनला भरीव करायचं तर मूठभर मसूर डाळ धुऊन भाज्यांच्या आधी टाका, आपोआप घट्ट होतं. मटणाला त्याची गरज नाही, तिथे एखादा बटाटा चमच्याच्या पाठीने ठेचला तरी पुरे. अर्ध्या किलोला पाणी दीड लिटर धरा, पातेल्यात थोडं जास्त, आटतं.

ताईने शेवटी ते नेहमीचं विचारलंच, पण हाडांच्या सूपमध्ये कॅल्शियम असतं ना, पोरांची हाडं मजबूत होतात, म्हणून मटणच करू का. तर नाही. हाडातलं कॅल्शियम असं पाण्यात फारसं उतरत नाही, कपभर दुधात त्याच्या कितीतरी पट असतं. सूप चवीसाठी करा आणि भाज्यांसाठी करा.

मग मी तिला काय सांगितलं? मंगळवार-बुधवारी, ऑफिसमधून सातला घरी, जेवणारे वेगवेगळ्या वेळी: चिकनचे हाडाचे तुकडे, जमलं तर पंजे, पातेलं, तासाभरात जेवण (पंजे घातले तर आणखी अर्धा-पाऊण तास). आजोबांना वेगळा खिमा वगैरे करत बसायची गरज नाही, त्यांच्या वाटीत मांस हाताने कुस्करून घालायचं. मटण रविवारी, आणि तेही शनिवारी रात्री कुकरला लावून, चरबी काढून, सकाळी भाज्या टाकून, सगळे एकत्र पाटावर बसणार असतील तरच. उरलं तर मांस आणि पाणी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस बिनधास्त राहतं, भाज्या मात्र दर वेळी ताज्या टाकायच्या.

ती म्हणाली बरं, चिकन. आणि रात्री फोटो पाठवला, चिकनच होतं, पण त्यात बीट घातलं होतं.