हाँगकाँगच्या खात्यात पैसे पाठवण्याआधी हे वाचा: कलर सॉर्टरच्या व्यवहारात आमचे ३२ लाख कसे गेले

आकडा आधीच सांगतो. ३२ लाख ३५ हजार १० रुपये. पहिला हप्ता ८,५५० डॉलर, बँकेने लावलेल्या ८३ रुपये ६० पैसे दराने ७,१४,७८० रुपये. दुसरा १९,९५० डॉलर, ८३ रुपये ४० पैशांनी १६,६३,८३० रुपये. ड्युटी, आयजीएसटी म्हणजे आयातीवरचा जीएसटी, कस्टमचं काम बघणाऱ्या सीएचएची फी, न्हावाशेवा बंदराचं भाडं आणि ट्रक धरून ७,३६,४००. एजंटाचं कमिशन १,२०,०००, तेही त्याने आधीच वसूल केलं. एवढ्या पैशांत आमच्या शेडमध्ये आज काय उभं आहे? तांदळाच्या गिरणीतलं जुनं मशीन, वरून नवा रंग मारलेलं.

आम्ही सांगली-विजापूर पट्ट्यातले बेदाणेवाले. निवडणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर सीझनमध्ये रोज हजेरी वाढते. काडी, डागी, काळा माल हाताने वेगळा करायचा म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये जीव जातो. म्हणून कलर सॉर्टर, म्हणजे रंग पाहून दाणे आपोआप वेगळे करणारं मशीन, घ्यायचं ठरलं. या मशीनचं चीनमधलं मोठं केंद्र म्हणजे आन्हुई प्रांतातलं हेफेई. चांगले कारखाने तिथे आहेत, आणि त्यांची मशीनं आपल्याकडे डाळ मिलमध्ये, राइस मिलमध्ये वर्षानुवर्षं नीट चालतात. त्यामुळे "चीनचा माल घेतलाच कशाला" हे मला कोणी ऐकवू नये. बेदाण्याला बेल्टचं मशीन लागतं. तांदूळ-डाळीचं मशीन उतरत्या पन्हळीचं असतं, दाणे त्यावरून घसरत खाली येतात. बेदाणा चिकट, तो पन्हळीला धरून बसतो. आम्ही बेल्टचं मशीन मागितलं, पीआयवर, म्हणजे विकणाऱ्याने आधी पाठवलेल्या प्रोफॉर्मा बिलावर, तसं लिहून घेतलं आणि मगच पैसे दिले.

एजंट आपलाच माणूस. मराठी बोलणारा, चीनमधल्या ग्वांगझोमध्ये राहणारा, प्रत्येक वाक्यात "दादा". ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या कँटन फेअरला, मोठ्या व्यापारी जत्रेला, गेलो. ही जत्रा १९५७ पासून भरते, वर्षातून दोनदा, आणि मशिनरी पहिल्या टप्प्यात असते. तिथे त्याने एका कंपनीच्या मॅनेजरशी गाठ घालून दिली. स्टॉल त्यांचा नव्हता, बाहेर चहाच्या टेबलावर भेट झाली. लक्षात घ्या: जत्रेत भेटला आणि जत्रेत स्टॉल होता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग विमानाने हेफेईला नेलं, कारखाना दाखवला, संध्याकाळी जेवण.

त्या जेवणाबद्दल सांगायलाच हवं, कारण फसवणूक तिथे झाली. गोल टेबल, मधे फिरणारी काच, मालक दाराकडे तोंड करून बसलेला आणि मला त्याने आपल्या उजव्या हाताला बसवलेलं. मी माळकरी. एजंटाने ते आधीच सांगून ठेवलं असणार, कारण माझ्यासाठी वांगं, टोफू, मशरूम वेगळ्या ताटल्यांत आलं, आणि माझ्यासमोर मांस ठेवलेली ताटली आली की मालक स्वतः काच फिरवून ती पुढे ढकलायचा. बाकीचे त्यांची कडक दारू घेत होते, मला चहा. मालकाने दर वेळी आपला ग्लास माझ्या कपाच्या कडेच्या खाली धरून टेकवला. तो मान देण्याचा तिकडचा रिवाज आहे, असं एजंटाने कानात सांगितलं. ज्या माणसाने माझी माळ सांभाळली त्याच्याकडे कागद मागायचे? आमच्या बाजारात अडत्याच्या शब्दावर लाखोंचा माल उतरतो. मी त्याच मनाने तिथे बसलो होतो, आणि माझ्या जागी आमच्या गावातला कोणीही असता तर तोही तसाच बसला असता.

तरी मी विचारलं. कंपनीच्या सरकारी लायसन्सची प्रत द्या म्हटलं, माल निघण्याआधी तपासणी करणारी त्रयस्थ कंपनी पाठवतो म्हटलं. तपासणीवाल्याचा दिवसाचा खर्च तीनशे डॉलरच्या आसपास येतो, आम्ही तोही धरून ठेवला होता. एजंट मला बाजूला घेऊन गेला. "दादा, असं चारचौघांत विचारू नका. इथे माणसाची इज्जत सगळ्यात मोठी. तपासणी म्हटलं की त्याला वाटेल तुम्ही त्याला चोर समजता. इथे आधी नातं, मग कागद." हेच त्याने नंतर प्रत्येक वेळी ऐकवलं. करार चिनी भाषेत करू म्हटलं तर "त्यांना अपमान वाटेल". मशीनचा नंबर दिसेल असा व्हिडिओ मागितला तर "मालक दुखावलाय, दोन दिवस थांबा". चिनी लोक समोर नाही म्हणत नाहीत, वाईट बातमी मध्यस्थाच्या तोंडून कळवतात, चारचौघांत कोणाला खोटं पाडत नाहीत, हे सगळं खरं आहे. कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा. पण खऱ्या रिवाजाच्या आड हा माणूस आमचा प्रत्येक प्रश्न मारत होता.

इचलकरंजीचे एक लूमवाले आहेत, दरवर्षी चीनला जातात. नंतर त्यांना सांगितलं तर ते भडकलेच. म्हणाले, लायसन्स मागितल्याने कोणता चिनी कारखानदार रुसतो? त्यांनी न मागता प्रत पाठवली होती, इंजिनिअर घरी येऊन मशीन बसवून गेला होता, आणि तिथेही मोठी जेवणं झालीच होती. तिकडे शिक्का, लायसन्स आणि चिनी भाषेतला करार हाही रिवाजच आहे, आणि मेजवानीपेक्षा पक्का आहे. त्यांच्या रिवाजाने चालायचं असेल तर पूर्ण चाला. अर्धाच रिवाज कोणी सांगत असेल तर त्या माणसाला तिथेच सोडा.

आता ते फाटक. माझ्याकडे फोटो आहे, रोज बघतो आणि रोज डोकं फिरतं. कारखान्याच्या दारात मी आणि मालक हात मिळवून उभे, मागे भिंतीवर सोनेरी रंगाची मोठी चिनी अक्षरं. खिशात त्याचं कार्ड होतं, त्यावरही चिनी नाव. मला चिनी येत नाही. पण चित्र जुळवायला भाषा कशाला यावी लागते? कार्डावरचं पहिलं अक्षर चौकोनी, बंद. भिंतीवरचं पहिलं अक्षर तीन पायांचं. दोन्ही एका नजरेच्या टप्प्यात होती. मी एजंटाला विचारलंसुद्धा, पाटी वेगळी दिसते. तो म्हणाला, "ग्रुप कंपनी आहे दादा." मी गप्प बसलो. आता कळलंय की तो कारखाना तिसऱ्याच कोणाचा, आणि आम्हाला तिथे गिऱ्हाईक म्हणून फिरवून आणलं. बाहेरून चार तास आलेला पाहुणा, आजूबाजूला पाच माणसं हसत उभी, त्यात कोण कार्ड काढून भिंतीला लावून बघतं? तुम्ही मात्र बघा. फोनचा कॅमेरा आता चिनी पाटी वाचून दाखवतो.

शिक्क्याचंही तसंच. पीआयवर लांबट निळा शिक्का होता, कंपनीचं इंग्रजी नाव आणि खाली सही. आपल्याकडे कोणत्याही दुकानदाराचा शिक्का असाच असतो, मला तो वेगळा वाटायचं कारण नव्हतं. चिनी कंपनीचा अधिकृत शिक्का गोल आणि लाल असतो, मधे तारा, भोवती चिनी नाव. तिथे सहीपेक्षा शिक्क्याला वजन आहे. इंग्रजी नावाची तिकडे कायद्याने नोंदणीच नसते, ते कोणीही कागदावर काहीही छापतो. लायसन्सवर १८ अंकी-अक्षरी कोड असतो. तो सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर टाकला की चिनी नाव, कायदेशीर प्रतिनिधी, भांडवल आणि कंपनीला कोणता धंदा करायची परवानगी आहे हे फुकट दिसतं. त्यात उत्पादन लिहिलेलं नसेल तर तो कारखानदार नाही, दलाल आहे.

पहिला हप्ता हेफेईच्याच खात्यात गेला, त्यामुळे विश्वास बसला. जानेवारीत दुसऱ्या हप्त्याची नवी पीआय आली, खातं हाँगकाँगचं, नाव जवळपास तेच, शेवटी एक शब्द जास्त. एजंट म्हणाला, डॉलरसाठी सगळ्यांचंच तिकडे खातं असतं. आणि हे खोटं नाही हो, खूप चांगल्या कंपन्यांचंही असतं, म्हणूनच तर चाललं. वर घाई लावली: १० फेब्रुवारी २०२४ ला चिनी नववर्ष, त्याआधीच कामगार गावी जाणार, पैसे आले नाहीत तर मशीन एप्रिलपर्यंत विसरा. हेही खरंच असतं, नववर्षाला कारखाने दोन-तीन आठवडे, कधी महिनाभर थंड पडतात. आमचा सीझन फेब्रुवारीत सुरू होतो. त्यांना ते पक्कं माहीत होतं. बँकेतल्या बाईंनी नाव वेगळं दिसतंय म्हणून विचारलं, मग आमच्याकडून एक पत्र घेतलं आणि पैसे सोडले. पत्र घेण्यापेक्षा "थांबा" म्हटलं असतं तर आज १६ लाख ६३ हजार वाचले असते.

खोका मार्चअखेर उघडला. बेल्ट नाही. पन्हळीचं मशीन. क्रीम रंगाखाली बोट फिरवलं तर जुन्या रंगाचे पोपडे हाताला लागले. हॉपरच्या, म्हणजे माल ओतायच्या तोंडाच्या, कोपऱ्यात, जिथे ब्रश पोचत नाही तिथे, तांदळाचा कोंडा चिकटलेला. पडद्यावर फक्त चिनी. तरी पाटी दोन पाटी बेदाणा टाकून पाहिला, दहा मिनिटांत पन्हळ भरून बसली आणि हवेचे व्हॉल्व्ह नुसते फुसफुसत राहिले. एजंटाचा फोन बंद. वीचॅटवर मालकाने ब्लॉक केलं.

पोलीस ठाण्यात गेलो. "माल मिळालाय ना? मग दिवाणी आहे." सायबरवाल्यांकडे गेलो. "पैसे तुम्ही स्वतः बँकेतून पाठवले, ओटीपी कोणी घेतला नाही, हे सायबर कसं?" आर्थिक गुन्ह्यांवाले म्हणाले रक्कम लहान आहे, ठाण्यातच जा. ठाण्यात परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला, निवडणुका होत्या. अर्ज दिला, पोच मिळाली, पुढे शून्य. एजंट तर मराठी माणूस, त्याचं घर इथे, आईवडील इथे. त्याला तरी बोलवा म्हटलं तर म्हणतात तो परदेशात आहे. कमिशन मी त्याच्या इथल्या खात्यात भरलंय, त्याची पावती टेबलावर ठेवली! आपल्या सरकारच्या परदेशातल्या कार्यालयाला मेल केला. उत्तर आलं: कंपनीचं नोंदणीकृत चिनी नाव पाठवा आणि स्थानिक वकील करा. माझ्याकडे फक्त कार्डावरचं चिनी नाव होतं, तेच नोंदणीचं की नाही हे मला कुठे माहीत होतं?

सगळ्यात संताप बँकेचा. आयातीचे पैसे आगाऊ पाठवले की तेवढ्या रकमेची बिल ऑफ एंट्री, म्हणजे माल आल्याचा कस्टमचा कागद, बँकेला दाखवावी लागते, नाहीतर नोंद उघडी राहते. आमच्या बिल ऑफ एंट्रीवर माल पाठवणाऱ्याचं नाव तिसरंच निघालं. आता १९,९५० डॉलरची नोंद बंद होत नाही, आणि बँक मलाच पत्रं पाठवते की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली खुलासा द्या, नाहीतर पुढची आयात अडेल. पैसे माझे गेले, मशीन भंगार आलं, पूर्ण किमतीवर ड्युटी मी भरली, आणि खुलासाही मीच द्यायचा! ज्या दिवशी पत्र घेऊन पैसे सोडले त्या दिवशी यातला एकही नियम कोणाला आठवला नाही.

इथल्या कोर्टात दावा लावून काय होईल तेही वकिलाने सांगितलं. ज्या देशांचे निकाल आपण आणि आपले ते परस्पर वसूल करतात त्या यादीत चीन नाही, त्यामुळे इथला हुकूमनामा तिथे कागदच. लवादाचा निवाडा चालतो, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क करारात दोन्ही देश आहेत. म्हणून करारात लवादाचं कलम टाका, नाहीतर कारखान्याच्याच गावातलं कोर्ट ठरवा, आणि करार चिनी भाषेत, गोल लाल शिक्क्यासह घ्या. आमच्या पीआयवर यातलं काहीच नव्हतं. चिनी वकिलाने कार्डावरचं नाव शोधलं, त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. ती ट्रेडिंग कंपनी होती आणि नोंदणी रद्द झालेली.

आणि हाँगकाँग. तिथल्या पोलिसांचं फसवणूक रोखणारं वेगळं केंद्र २०१७ पासून आहे, ते बँकांना सांगून पैसे थांबवू शकतात, आणि तक्रार ऑनलाइन देता येते. १९३० हा आपला सायबर फसवणुकीचा फोन नंबर देशातल्या ट्रान्सफरला उपयोगी पडतो, पण स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून, बाहेर गेलेल्या पैशाला हाँगकाँगचाच दरवाजा वाजवावा लागतो. हे मला ठाण्यात, सायबरमध्ये, बँकेत, कोणीही सांगितलं नाही. जूनमध्ये त्या लूमवाल्यांनी सांगितलं, तोवर खातं रिकामं. तुमचे पैसे काल-परवा गेले असतील तर हे पुढे वाचत बसू नका. बँकेत जाऊन स्विफ्ट रिकॉलचा, म्हणजे पैसे परत मागवायचा, अर्ज लेखी द्या, शिक्का मारलेली प्रत घ्या, आणि घरी येऊन आजच हाँगकाँगला तक्रार टाका.

तो एजंट यंदाही आमच्या पट्ट्यात फिरतोय असं दोन शेडवाल्यांकडून ऐकलं. बेल्टचं मशीन, तीस टक्के आगाऊ, जत्रेला नेतो, हेफेईला जेवण. कोणाला त्याने पीआय दिली असेल तर खात्यावरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव समोरासमोर ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा, आणि शक्य असेल तर मला कळवा. माझ्या अर्जाला दुसऱ्या कोणाचा अर्ज जोडला तर ठाण्यात निदान दिवाणी म्हणून हाकलता येणार नाही.