कार्ड पोचावंही आणि सुटावंही: अदलाबदलीच्या पाकिटातल्या सामानाचं परीक्षण

अमेरिकेत बेसबॉल, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलची कार्डं संग्राहक एकमेकांना टपालाने पाठवतात, तेव्हा सामान जवळपास ठरलेलं असतं: पेनी स्लीव्ह, टॉपलोडर किंवा सेमी-रिजिड, टीम बॅग, पुठ्ठ्याचे दोन तुकडे, बबल मेलर (आत हवेच्या फुग्यांचं अस्तर असलेलं पाकीट). यातलं काहीच महाग नाही, तरी प्रत्येक वस्तूत चांगलं-वाईट आहे आणि चुकीची जोडी जमली तर नुकसान नक्की. इथे सगळ्या वस्तू दोन कसोट्यांवर पाहिल्या आहेत. वाटेत कार्ड सांभाळलं जातं का, ही पहिली. समोरच्याला ते जोर न लावता बाहेर काढता येतं का, ही दुसरी. पहिलीचा विचार सगळेच करतात. दुसरीचा फार कमी जण करतात, आणि टपालातून धडधाकट आलेल्या कार्डाचा कोपरा मग टेबलावर पाकीट सोडवताना जातो.

पेनी स्लीव्हपासून सुरुवात. नावाप्रमाणे एकेक पिशवी साधारण एका सेंटाला पडते. अल्ट्रा प्रो आणि बीसीडब्ल्यू या दोन्ही कंपन्यांच्या स्लीव्ह चांगल्या आहेत. दोन्ही पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि शंभराच्या गठ्ठ्यात मिळतात. आतलं माप २ ५/८ बाय ३ ५/८ इंच, म्हणजे अडीच बाय साडेतीन इंचाच्या आजच्या कार्डाला सगळ्या बाजूंनी थोडी मोकळीक. दोष एकच: तोंड घट्ट असतं, आणि कार्ड सरळ खाली सरकवलं की खालचा कोपरा कडेला अडकून पांढरा पडतो. कात्रीने स्लीव्हच्या तोंडाचा एक कोपरा तिरका कापावा, साधारण पाच मिलिमीटर. आता एक पदर मागे वाकतो आणि कार्ड त्या बाजूने तिरकं टेकवून आत सोडता येतं. वीस-पंचवीस स्लीव्ह एकदम कापून ठेवल्या तर कामही भराभर होतं. टॉप्स कंपनीच्या १९७१ च्या बेसबॉल संचासारख्या काळ्या किनारीच्या कार्डांना हे केलंच पाहिजे, कारण त्या किनारीवरून शाईचा कण जरी निघाला तरी लांबून दिसतो.

टॉपलोडर हा या सगळ्याचा कणा. कडक पीव्हीसीचे दोन पारदर्शक पत्रे, तीन कडा बंद, वरचं तोंड उघडं. नेहमीचं माप ३ बाय ४ इंच, आणि त्यावर ‘३५ पॉइंट’ लिहिलेलं असतं. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा ३५ पॉइंट म्हणजे ०.९ मिलिमीटरच्या आसपास. साधं छापील कार्ड २० पॉइंटच्या जवळपास असतं, त्यामुळे स्लीव्हसकट ते आत छान बसतं. जर्सीचा तुकडा चिकटवलेली कार्डं किंवा जाड पुठ्ठ्यावरची ऑटोग्राफ कार्डं मात्र या मापात कोंबू नयेत. त्यांच्यासाठी ५५, ७५, १००, १३०, १८० पॉइंटचे टॉपलोडर मिळतात. जाडी कळायला खाचा असलेली पॉइंट गेज वापरावी. ती नसेल तर साध्या कार्डांची चळत शेजारी धरावी: जाड कार्डाच्या उंचीला पाच साधी कार्डं लागली, तर ते १०० पॉइंटचं समजावं. माप लहान पडलं तर कडा दाबल्या जातात. फार मोठं झालं तर कार्ड आत डोलत राहतं आणि प्रत्येक धक्क्याला तळाशी आपटतं. दुसरा प्रकार लोकांना किरकोळ वाटतो, पण खालचे दोन्ही कोपरे एकदम बोथट झालेलं कार्ड दिसलं की कारण बहुधा हेच असतं.

उघडं कार्ड, स्लीव्हशिवाय, टॉपलोडरमध्ये कधीही घालू नये. कडक प्लास्टिकवर घासून पृष्ठभागावर बारीक चरे उठतात. ते समोरून दिसत नाहीत, दिव्याखाली कार्ड तिरकं धरलं की दिसतात. क्रोम प्रकारच्या चकचकीत कार्डांवर तर ते आधी दिसतात आणि किंमत तिथेच खाली येते. वापरलेले, धुरकट झालेले टॉपलोडर अदलाबदलीत फिरत राहतात. त्याला हरकत नाही, पण आत धुळीचा कण किंवा जुन्या टेपचा चिकटपणा नाही ना, हे बघूनच वापरावेत.

आता टेप. अदलाबदलीत सर्वांत जास्त तक्रारी याच्याच. टॉपलोडरचं तोंड बंद करायला लोक साधा पारदर्शक सेलोटेप लावतात. तो प्लास्टिकला असा धरतो की काढताना नख, मग सुरी, मग झटका. झटक्यात कार्ड बाहेर उडतं किंवा सुरी स्लीव्हमध्ये शिरते. त्यातून सुटलं तरी टॉपलोडरच्या ओठावर डिंक उरतो, आणि कार्ड बाहेर सरकताना स्लीव्ह तिथे चिकटते. टेप लावायचाच असेल तर निळा पेंटर्स टेप लावावा. तो सहज सुटतो आणि मागे काही ठेवत नाही. एक टोक आत दुमडून छोटी जीभ ठेवावी, म्हणजे समोरच्याला पकडायला जागा मिळते. टेप टॉपलोडरलाच लागावा, बाहेर डोकावणाऱ्या स्लीव्हला नाही.

त्याहून उत्तम म्हणजे टीम बॅग. या सगळ्या सामानात माझा सर्वांत जास्त भर तिच्यावर आहे. चिकट पट्टी असलेली ही पातळ पिशवी मुळात पूर्ण संघाची पंचवीस-तीस कार्डं एकत्र ठेवायला होती. टॉपलोडर तिच्यात अगदी बेताने बसतो. तो पिशवीत उलटा घालावा, म्हणजे उघडं तोंड खाली, पिशवीच्या बंद तळाकडे. मग पट्टी लावावी. कार्ड बाहेर यायला वाटच उरत नाही आणि टेप एक इंचही लागत नाही. वर थोडी धूळ आणि ओलही अडते. एक काळजी घ्यावी लागते: पट्टीचा डिंक जोरकस असतो. फक्त स्लीव्हमधलं कार्ड थेट टीम बॅगेत ठेवलं, तर काढताना स्लीव्ह त्या डिंकाला लागते. म्हणून आत टॉपलोडर किंवा सेमी-रिजिड हवाच, आणि उघडताना पट्टी पूर्ण मागे वळवून पिशवीच्याच पाठीवर चिकटवून ठेवावी.

सेमी-रिजिड म्हणजे कार्डबोर्ड गोल्डचं कार्ड सेव्हर १ किंवा त्यासारखं. हे लवचीक असतं, वरच्या बाजूला एक पदर दुसऱ्यापेक्षा जास्त उंच असतो, आणि कार्ड आत घट्ट धरलं जातं. ग्रेडिंगला, म्हणजे पीएसएसारख्या कंपनीकडे कार्ड तपासून दर्जा लावायला पाठवताना हेच वापरायचं असतं, टॉपलोडर नाही. अदलाबदलीसाठी त्याचं बलस्थान म्हणजे पातळपणा, आणि दोष म्हणजे काढायला अवघड. स्लीव्ह आत खोल बसते आणि बोटाला पकड मिळत नाही. उपाय सोपा आहे: चिकट चिठ्ठीची अरुंद पट्टी स्लीव्हच्या वरच्या कडेला लावून बाहेर ठेवावी. समोरच्याने ती ओढली की कार्ड अलगद वर येतं. ही पट्टी नसलेलं सेमी-रिजिड आलं, तर दोन्ही कडा आतल्या बाजूला किंचित दाबून तोंड फुगवावं, उलटं धरावं आणि हलकेच ठोकावं. चिमटा वापरू नये.

चुंबकी डबी, म्हणजे वन-टच, दिसायला सुंदर असते. कपाटात मांडायला ती घ्यावी, टपालात मात्र टाळावी. आत बहुतेकदा स्लीव्ह मावत नाही, धक्क्याने चुंबक सुटू शकतं आणि डबीचा कोपरा तडकला तर धारदार तुकडा कार्डावरच येतो. पाठवावीच लागली तर घट्ट बसणाऱ्या पिशवीत, भोवती बबल, आणि खोक्यात. जुन्या चार स्क्रूच्या ॲक्रिलिक फ्रेममधून आलेलं कार्ड दिसलं तर जास्त तपासावं, कारण स्क्रू आवळून आवळून ती कार्डं चपटी होतात. रबर बँड कशालाच नको. तो कडेला खाच पाडतो.

पाकिटाची निवड कार्डाच्या किमतीवर ठरते. दोन-चार डॉलरची कार्डं लोक साध्या पांढऱ्या पाकिटात, तिकीट लावून पाठवतात. इथे टॉपलोडर चुकीचा. अमेरिकन टपाल खात्याची पत्रं रोलरमधून वळत जातात. कडक वस्तू वळत नाही, पाकीट कोपऱ्यातून फाटतं आणि टॉपलोडर बाहेर पडतो. कडक पत्राला जास्तीचं शुल्कही लागतं. पत्राची जाडी पाव इंचापेक्षा जास्त चालत नाही. म्हणून सेमी-रिजिड घ्यावं, कागदाच्या तीन घड्यांत मधोमध ठेवावं आणि कागदाला पेंटर्स टेपने टेकवावं, म्हणजे ते एका कोपऱ्याला सरकत नाही. अशा पत्राचा माग काढता येत नाही, हे दोघांनी आधीच मान्य केलेलं असावं. ईबेची वीस डॉलरपर्यंतच्या कार्डांसाठी माग असलेली स्टँडर्ड एन्व्हलप सेवा आहे आणि ती चांगली आहे, पण ती ईबेवरच्या विक्रीपुरती; आपसातल्या अदलाबदलीला ती मिळत नाही.

त्याहून किमती कार्डासाठी ४ बाय ८ इंचाचा, ‘ट्रिपल झीरो’ म्हणतात तो बबल मेलर आणि अमेरिकन टपाल खात्याची ग्राउंड ॲडव्हांटेज सेवा. ही सेवा जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात माग मिळतो आणि १०० डॉलरचा विमा धरलेला असतो. नुसता बबल मेलर मात्र वाकण्यापासून वाचवत नाही, तो फक्त ठोकर झेलतो. वाकणं थांबवतो कोरुगेटेड, म्हणजे आत नळ्या असलेला पुठ्ठा. टॉपलोडरपेक्षा सर्व बाजूंनी अर्धा इंच मोठे दोन तुकडे कापावेत, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे दोन्ही दिशांनी ताठपणा येतो. टेप पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडायला लावावा, आतल्या टीम बॅगेला नाही. दोनच पट्ट्या पुरतात. सगळीकडून गुंडाळलेलं पुठ्ठ्याचं गाठोडं सोडवताना लोक कात्री आत घालतात आणि सगळी मेहनत तिथे वाया जाते.

जुन्या कार्डांना हे नेहमीचं सामान चालत नाही. टॉप्सची १९५२ ते १९५६ ची बेसबॉल कार्डं २ ५/८ बाय ३ ३/४ इंचांची आहेत. अडीच बाय साडेतीनचं माप टॉप्सने १९५७ मध्ये घेतलं. म्हणजे १९५२ चं कार्ड साध्या पेनी स्लीव्हमध्ये रुंदीला अडतं आणि उंचीला बाहेर राहतं. सिगारेटच्या पाकिटातून आलेली टी२०६ कार्डं याच्या उलट: जेमतेम १ ७/१६ बाय २ ५/८ इंच, त्यामुळे साध्या टॉपलोडरमध्ये ती गोल गोल फिरतात. १९६९-७० ची उंच बास्केटबॉल कार्डं तर ४ ११/१६ इंचांची. या तिन्हींसाठी वेगळ्या मापाच्या स्लीव्ह आणि टॉपलोडर मिळतात, आणि अदलाबदल ठरवण्याआधी त्या हातात असाव्यात.

पाकीट आल्यावरची घाईही महागात पडते. हिवाळ्यात शिकागोसारख्या ठिकाणी टपालपेटीत गोठलेलं पाकीट घरात आणून लगेच उघडलं, तर थंड कार्डावर हवेतली वाफ जमते. दोन-तीन तास ते बंदच ठेवावं. मग मोबाइलवर चित्रण चालू करून, पत्ता दाखवून, मेलर कडेपासून पाच मिलिमीटरवर कापावा, मधून नाही. कार्ड टॉपलोडरमध्ये असतानाच चारही कोपरे आणि पाठ पाहावी, पाठवणाऱ्याच्या फोटोशी ताडावी. फरक असेल तर कार्ड बाहेर न काढता त्याच दिवशी कळवावं. बाहेर काढताना टॉपलोडरच्या दोन्ही कडा दाबून तो फुगवावा, तोंड मऊ कापडावर खाली करावं आणि स्लीव्ह ओढावी, कार्ड नाही.

भारतात टॉप्सची क्रिकेट अटॅक्स किंवा परदेशातून मागवलेली कार्डं जमवणाऱ्यांना हेच सामान पोकेमॉन कार्डांच्या दुकानांत मिळतं, कारण दोन्हींचं माप जवळपास एक आहे. फक्त ‘जपानी साइज’ किंवा यु-गि-ओ या पत्त्यांच्या खेळाच्या स्लीव्ह घेऊ नयेत. त्या ५९ बाय ८६ मिलिमीटरच्या कार्डासाठी असतात आणि ६३.५ मिलिमीटर रुंदीचं स्पोर्ट्स कार्ड त्यात जात नाही. देशात पाठवायला स्पीड पोस्ट योग्य, पण तारखेचा शिक्का हाताने मारला जातो, म्हणून पत्ता आणि कार्ड एकमेकांवर येऊ देऊ नयेत: कार्ड मेलरच्या एका टोकाला, पत्ता दुसऱ्या.

मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यातली हवा हा वेगळाच त्रास. क्रोम कार्डात फॉइलचा थर ओल घेत नाही, कागदाचा थर घेतो, आणि कार्ड धनुष्यासारखं वाकतं. जुनी जाड चकाकीची कार्डं चळतीत ठेवली तर एकमेकांना चिकटतात, आणि ओढून सोडवली की छपाई सोलून निघते. प्रत्येक कार्ड वेगळ्या स्लीव्हमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. जून ते सप्टेंबरात आलेलं क्रोम कार्ड वाकलेलं दिसलं तर पाठवणाऱ्याला दोष देण्याआधी ते अशा डब्यात दोन-तीन दिवस ठेवावं. बरीच कार्डं पुन्हा सरळ होतात. वजन ठेवून किंवा उलटं वाकवून सरळ करू नये, चकाकीवर आडवी भेग पडते आणि ती कायमची असते.